रेंज नसलेल्या वाडीतला ब्राउझर

आज व्याज, हप्ता, कर्ज यातलं काही सांगणार नाही. आज बोलायचंय गटाच्या लॅपटॉपबद्दल. महिन्यातून एकदा हिशोब भरायला तो कपाटातून निघतो आणि परत कुलपात जातो.

आमच्याकडे दोन वाड्यांवर फोनला रेंज नाही. दहावीच्या मुली रेंजसाठी टेकाडावर जायच्या. तिथं संध्याकाळी टोळकी बसतात, म्हणून घरच्यांनी मुलींचं जाणं बंद केलं. मुलगे अजून जातात! त्यावरचं भांडण चालूच आहे, पण तोवर मुलींचा अभ्यास अडायला नको, म्हणून आम्ही लॅपटॉपवर किविक्स घातलं.

किविक्स हा मोफत प्रोग्राम २००७ मध्ये सुरू झाला. विकिपीडियासारखं अख्खं संकेतस्थळ एका फाइलमध्ये बांधून तो आपल्याला देतो. तालुक्याला नेट चांगलं असतं, तिथून ती फाइल एकदा उतरवून आणायची. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसकट पूर्ण फाइल १०० जीबीच्या पुढे जाते. मराठीची त्या मानानं खूपच लहान, साध्या लॅपटॉपवर मावते.

आता सर्व्हर म्हणजे काय? पंगतीतली वाढपी. ब्राउझर पानावर बसून मागतो, सर्व्हर वाढतो. एरवी ही वाढपी कुठंतरी दूर देशात असते, म्हणून नेट लागतं. इथं स्वयंपाक घरातच आहे, वाढपीही घरचीच.

किविक्स उघडलं की मेनूमध्ये ‘लोकल किविक्स सर्व्हर’ असं लिहिलेलं दिसतं. ते दाबून सर्व्हर सुरू करायचा. पहिल्यांदा विंडोज परवानगी विचारतं, ती द्यायची. नाही दिली तर लॅपटॉपवर पान उघडतं आणि फोनवर काही येत नाही. मग ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या जागी टाकायचं : १२७.०.०.१:८०८०. आकडे इंग्रजीतले, मध्ये साधी टिंबं, आणि शेवटच्या ८०८० च्या आधी एकाखाली एक दोन टिंबं. पहिला भाग म्हणजे ‘हेच यंत्र’, आणि ८०८० म्हणजे त्या घराचं कुठलं दार ठोठवायचं ते.

इथंच गोंधळ होतो. मुली हाच पत्ता आपल्या फोनवर टाकतात. पण फोनला ‘हेच यंत्र’ म्हटलं की तो स्वतःच्याच घरात शोधतो, आणि तिथं तर चूलच पेटलेली नाही! फोनवर लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. तो किविक्सच दाखवतं, बहुतेक वेळा १९२.१६८ नं सुरू होतो. त्यासाठी लॅपटॉप आणि सगळे फोन एकाच हॉटस्पॉटवर हवेत. एका फोनचा हॉटस्पॉट लावला की झालं. नेट नसलं तरी चालतं, डेटा जात नाही. मात्र एका वेळी आठ-दहा फोनच धरा. फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुर करतो आणि जोडणी सोडू पाहतो, तेव्हा मोबाइल डेटा बंद ठेवायचा.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवरच्या किविक्समध्येही सर्व्हर सुरू करता येतो.

काही ताईंना धास्ती वाटते, गटाचा हिशोब मुलींना दिसेल का? नाही. किविक्स फक्त त्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाढतं, हिशोबाच्या फाइली नाही. तरी हॉटस्पॉटचा पासवर्ड भिंतीवर लिहू नका.

आणखी एक. मराठी विकिपीडिया २००३ पासून लोकांनीच लिहिलाय. त्यात कुठं भरपूर माहिती, कुठं दोनच ओळी. पाठ्यपुस्तकाच्या जागी तो नाही, सोबतीला आहे.

आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ समाजमंदिरात लॅपटॉप लागतो. गटातली एक बाई पाळीनं तिथं बसते, निवडायला भाजी घेऊन. आठ वाजता सर्व्हर बंद करून लॅपटॉप कपाटात, आणि मुली तिच्यासोबतच घरी.