आधी पाय धू



'ऊन' हा शब्द आपण हल्ली फक्त उन्हाळ्यासाठी राखून ठेवलाय. पण जुनी माणसं अजूनही 'ऊन ऊन भात' म्हणतात, 'ऊन पाण्यानं आंघोळ कर' म्हणतात. ऊन म्हणजे गरम. हे एकदा ध्यानात आलं, की नकाशावरची कितीतरी गावं बोलायला लागतात. पालीजवळचं उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे, जळगावकडचं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. ही सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं. अरबीतला 'हमाम' शब्दही याच गोत्रातला. त्याच्या मूळ धातूत उष्णताच आहे.

आमच्या पुण्यात असा झरा नाही. इथं ऊन पाणी आलं ते बंबातून आणि पुढे गीझरमधून. वाफेची आंघोळही आता मिळते, पण ती जिममध्ये, सभासदाचं कार्ड दाखवून. कार्ड न दाखवता, चार अनोळखी माणसांच्या शेजारी गळ्याइतक्या ऊन पाण्यात बसायचं असेल, तर कल्याण-भिवंडीमार्गे वज्रेश्वरी गाठावी लागते. तानसा नदीच्या काठानं अकलोली, गणेशपुरी या भागात ही कुंडं आहेत. काही देवळाच्या आवारात, काही अगदी नदीच्या कडेला. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. १७३९मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि तो नवस फेडला गेला.

पाणी गरम का, याची गावकऱ्यांकडची गोष्ट अशी, की देवीनं इथं दैत्य मारले, त्यांच्या रक्ताचा हा ऊष्मा. शहरातले लोक म्हणतात, खाली ज्वालामुखी आहे. गोष्ट म्हणून पहिली मला जास्त आवडते, कारण दुसरी खरी नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. होतं असं, की पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल उतरतं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढत जातं. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, वाटेत खडकातले क्षार घेऊन. कोकणपट्टीत पालघरपासून राजापूरपर्यंत झऱ्यांची ही माळच आहे. अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांचं पाणी चाळीस ते पन्नास अंशांच्या घरात असतं. म्हणजे सोसेल, पण घाई केली तर चटका बसेल असं.

आणि इथं येतं कोण? आसपासच्या पाड्यांवरचे आदिवासी, आगरी-कोळी, भिवंडीच्या यंत्रमागावरचे कामगार, मुंबईहून सहलीला आलेली पोरं, संधिवातानं जखडलेले म्हातारे. गणेशपुरीत स्वामी नित्यानंदांची समाधी आहे, त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रम आहे. त्यामुळे गेली पन्नासएक वर्षं परदेशी साधकही येतात. सगळ्यांसाठी पाणी तेच.

माझी खाला भिवंडीला असायची. तिच्या आग्रहावरून मी एकदा अम्मीला तिच्या गुडघ्यांसाठी तिथं घेऊन गेलो. सकाळची वेळ होती. एका कुंडाशी बायका जमल्या, तसे पुरुष आपणहून बाजूला झाले. मी पाठ फिरवून जरा लांबच्या ओट्यावर बसलो. अम्मी बिचकत होती. तेवढ्यात एका म्हातारीचा आवाज आला, "बाय, आधी पाय धू. मंग उतर. पानी सगल्यांचा हाय." दिवसातून पाच वेळा वुजू करणारी माझी अम्मी मोठ्यानं हसली. "ये तो वुजू हुआ!" म्हणाली. त्या म्हातारीला ते कळलं की नाही, कोण जाणे. तिनं अम्मीला गाव विचारलं, गुडघे कधीपासून दुखतात ते विचारलं. नाव काही विचारलं नाही.

मला त्या आजींचं वाक्य मोठं वाटतं, कारण या महाराष्ट्रात 'पाणी सगळ्यांचं' हे वाक्य फुकट आलेलं नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावं लागलं. ते पाणी प्यायले, त्यानंतर लोकांना मार बसला आणि तळं पंचगव्यानं 'शुद्ध' करण्यात आलं. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत : विटाळ आणि मळ. विटाळ माणसाच्या मनात असतो, मळ अंगावर. शेण-गोमूत्र तळ्यात ओतणाऱ्यांना विटाळ दिसत होता. आज कुंडावर नेमकं उलटं चित्र दिसतं. विटाळ कुणी बोलून दाखवत नाही, पण मळाचंही कुणाला काही वाटत नाही. लोक कुंडात बसून साबण लावतात, कपडे धुतात, शाम्पूच्या पुड्या तिथंच टाकतात. पाण्याला जात कळत नाही. साबण मात्र लगेच कळतो. झरा दिवसभर तेवढंच पाणी देतो, माणसं मात्र रविवारी दसपट येतात.

मग ज्याच्या खिशात पैसे आहेत तो काय करतो? शेजारच्या खासगी स्नानगृहात खोली घेतो. तेच ऊन पाणी भाड्यानं, दार लावून. मी त्याला दोष देत नाही. बायकांना तर ओल्या साडीनं, चार माणसांच्या नजरेसमोर आडोसा शोधत फिरण्यापेक्षा ती खोली बरीच वाटणार. पण ज्यांना परवडतं ते सगळे खोलीत गेले, की उघड्या कुंडाकडे लक्ष कोण देणार? ते मग गरिबाचं कुंड होतं. गरिबाच्या गोष्टीची निगा आपल्याकडे कशी राहते, ते आपण जाणतोच.

याहून वेगळं होऊ शकतं. फिनलंड हा साडेपाच कोटींचा नव्हे, जेमतेम पंचावन्न लाखांचा देश. तिथं तीसएक लाख सौना आहेत, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या खोल्या. घरोघरी सौना असूनही सगळे सार्वजनिक सौना बंद पडले नाहीत. टॅम्पेरे शहरात तळ्याच्या काठावर असे सौना आहेत. गावातले पेन्शनर आणि बाहेरचे प्रवासी एकाच फळीवर घाम गाळत बसतात आणि मग तळ्यात उडी घेतात. २०२०मध्ये युनेस्कोनं या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. तिथला पहिला नियम कोणता? आधी अंग धुवा, मग आत या. जपानच्या सार्वजनिक स्नानगृहांतही हेच. आणि आमच्या मशिदीतल्या हौदावर? हौदातलं पाणी ओंजळीनं घ्यायचं, पण वापरलेलं पाणी बाहेरच्या पन्हळीत पडलं पाहिजे. कारण आपल्यानंतर कुणीतरी त्याच पाण्याशी येणार आहे.

तेव्हा आपल्या कुंडांना संगमरवर नको. कुंडाबाहेर साध्या पाण्याचे चार नळ हवेत, बायकांना कपडे बदलायला दार लागणारी खोली हवी, कुंड घासायला पगारी माणूस हवा आणि ठळक अक्षरांत एक पाटी हवी. पाटीवर काय लिहायचं, ते त्या आजींनी सांगितलेलंच आहे.

पाणी सगळ्यांचं करायला आपल्या माणसांनी मार खाल्ला. ते सगळ्यांचं राहावं म्हणून आपल्याला एक तांब्या पाणी पायावर घ्यायचंय, इतकंच.