दोन दरबारांचा पाटील

बक्षिसांकडे डोळे लावून बसलेल्या मुलांनो,

मघाशी सहावीच्या मुलांनी पानिपताचा पोवाडा म्हटला आणि तो नेहमीप्रमाणे पानिपतावरच संपला. दिल्लीतल्या मराठी मुलांना मी त्याच्या पुढची गोष्ट सांगणार आहे, कारण ती तुमच्या गावची आहे.

महादजी शिंदे हे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. वडील राणोजी हे थोरल्या बाजीरावांचे सरदार, त्यामुळे घोडा आणि तलवार घरचीच. पण महादजी धाकटे, आणि दौलतीच्या वाटणीत धाकट्याला कोण विचारतो? थोरले बंधू दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. हो, तेच बुराडी, रिंग रोडच्या पलीकडचं. वर्षभरानं पानिपतावर भाऊ तुकोजी आणि पुतणे जनकोजी गेले. महादजींच्या पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत राहिले. राणेखान नावाच्या पखालजीनं त्यांना बैलावर घालून तिथून काढलं. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं आणि सरदारकी दिली. या राणेखानाचं नाव लक्षात ठेवा.

घराण्याची सरदारी हाती यायला १७६८ उजाडलं. त्यानंतर चारच वर्षांनी, ६ जानेवारी १७७२ रोजी, अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेले बादशहा शाह आलम मराठी फौजेच्या सोबतीनं दिल्लीत परतले. त्या फौजेत महादजी होते. लढवय्या दरबाराच्या उंबऱ्याशी आला तो इथे.

उंबरा ओलांडला १७८४ मध्ये. बादशहांनी वकील-ए-मुतलक हे पद दिलं. वजीर आणि मीर बक्षी, म्हणजे दिवाणी आणि फौज, दोन्ही या पदाच्या हाताखाली. महादजींनी ते घेतलं पेशव्यांच्या नावानं आणि स्वतः झाले नायब. सही आपली, शिक्का धन्याचा! मला त्यांच्या लढायांपेक्षा ही चाल अधिक आवडते.

पण दरबार सांभाळणं लढाईपेक्षा महाग पडतं. खजिना रिकामा, मोगल सरदार रुसलेले, वसुलीसाठी राजपुतान्यावर स्वारी. १७८७ मध्ये लालसोटला ती फसली आणि महादजींना चंबळेच्या दक्षिणेला सरकावं लागलं. ती संधी साधून रोहिला गुलाम कादिर दिल्लीत शिरला. १० ऑगस्ट १७८८ रोजी लाल किल्ल्यात त्यानं शाह आलमचे डोळे काढले. ज्याच्या रक्षणाची जबाबदारी घेतली, त्याच्यावर ही वेळ आली तेव्हा महादजी दूर होते. आपल्याकडच्या भाषणांत हा भाग गाळतात. मला तो गाळायचा नाही.

मराठी फौज ऑक्टोबरात किल्ल्यात आली. तिच्या पुढे कोण होतं? तोच राणेखान. गुलाम कादिर मेरठच्या बाजूला पळाला, पकडला गेला आणि मारला गेला. आंधळे बादशहा पुन्हा तख्तावर बसले. महादजींनी मग डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी वाढवून घेतल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याला राजपुतान्यातला हिशेब चुकता केला.

१७९२ मध्ये ते पुण्याला गेले, बादशाही फर्मानं आणि खिलत घेऊन. तरुण पेशवे सवाई माधवरावांसमोर मात्र ते हत्तीवरून उतरून सर्वांच्या खाली उभे राहिले. बगलेतल्या गाठोड्यातून पेशव्यांसाठी नवे जोडे काढले आणि म्हणाले, धन्याचे जोडे सांभाळायचे, आमच्या वडिलांचं काम हेच, आमचंही हेच. ब्रिटिश इतिहासकार माल्कमनं हा प्रसंग नोंदवला आहे. शाळेच्या पुस्तकांत याला नम्रता म्हणतात. मला विचाराल तर ती नम्रता होतीच, पण मुरलेल्या दरबाऱ्याची. दिल्लीत बादशहाचा हात धरणारा माणूस पुण्यात पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांच्या नजरेत खुपणारच. प्रतिस्पर्धी सरदार होळकरांचीही धुसफूस होती. तिथे 'पाटील' राहण्यातच शहाणपण होतं, आणि पाटीलबावांना ते पुरेपूर कळत होतं. दोन दरबार, दोन वेगळे मुजरे, आणि दोन्हीकडे संशय! १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला ते गेले. त्यांची छत्री तिथेच आहे.

पुढची पिढी त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांची. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पलीकडे, पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकनं शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि शाह आलम इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या विजयाचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे.

तर मुख्याध्यापिका बाई, माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीची सहल जयपूरला नेण्याऐवजी बुराडी, लाल किल्ला आणि नोएडा अशी न्या. गोल्फ कोर्सची परवानगी तुम्ही काढा, बसचं भाडं माझ्याकडे. आणि सहावीच्या मुलांनो, पोवाड्याला पुढचं कडवं जोडा, त्यात राणेखान हवाच. चला, आता बक्षिसं.