जीपमधला नकाशा

आपल्या जीपमधल्या वाट दाखवणाऱ्या यंत्रात एक पाडा नव्हता. रात्री तिथून एका बाईचा फोन आला आणि आम्ही तासभर उशिरा पोचलो. उपग्रहांमुळे आपण कुठे आहोत एवढंच कळतं. रस्ते यंत्रातल्या फाईलमध्ये असतात आणि ती जुनी होती. कंपनीचा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकवरच चालतो, आपल्या संगणकावर लिनक्स. "भाच्याकडे देऊ या," कोणीतरी म्हणालं. (नेहमीचंच!)

शेवटी मीच वायर जोडली. यंत्र पेनड्राइव्हसारखं उघडलं. जुना नकाशा आधी संगणकावर उतरवून ठेवला. मग ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे २००४ पासून लोक मिळून काढताहेत तो नकाशा, 'एमकेजीमॅप' वापरून यंत्राला चालेल असा केला आणि आत टाकला. वायर काढण्याआधी 'इजेक्ट' करायचं, नाहीतर फाईल अर्धवट राहते. पाडा त्यातही नव्हता; तो आता आपणच भरतोय, तिथल्या बायकांना विचारून.

पण आत आणखी एक फाईल दिसली: जीप कुठे कुठे गेली, तारीख-वेळेसकट. त्यात आपलं आधारगृहही होतं. जीप दुरुस्तीला जाते तेव्हा यंत्र आतच असतं. ती फाईल मी पुसली. दर फेरीनंतर पुसायची आहे. आणि आधारगृह नकाशात कोणीही भरू नका.