पाण्यातल्या हवेचं मोजमाप



अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडच्या लोकांना जांभूळ या गावाचं नाव पाण्यामुळे ठाऊक आहे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी नदीवाटे इथवर येतं. एमआयडीसी ते उचलते, शुद्ध करते आणि पुढे पाठवते. पावसाळ्यात उल्हास नदी इथल्या बंधाऱ्यावरून कोसळते तेव्हा तिचं गढूळ पाणीसुद्धा खाली पांढरं दिसतं. पाण्यात शिरलेले असंख्य बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून.

पाणी आणि हवा अशी एकत्र वाहू लागली की त्याला द्विप्रावस्था प्रवाह म्हणतात. हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी, त्यामुळे दोघांचा वेग एक राहत नाही. धरणाच्या सांडव्यावर ही हवा काँक्रीटची झीज रोखते. तीच पंपात शिरली तर पंप पाणी उचलेनासा होतो. म्हणूनच ती किती आणि कुठे आहे, हे मोजावं लागतं. आत नळी घालावी तर बुडबुडे वाट बदलतात. कॅमेरा मात्र कशाला हात न लावता बघतो.

हे घरीही करता येतं. माशांची काचेची टाकी, हवेचा छोटा पंप, मागे पांढरा कागद आणि त्यामागे दिवा. काचेवर मोजपट्टी चिकटवा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घ्या. चार-पाच मिलिमीटरचा बुडबुडा डुलत डुलत वर जातो आणि दर चित्रात साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला २४ सेंटिमीटरच्या आसपास. संगणक हेच काम हजारो चित्रांवर करतो. खरी अडचण गर्दीची. दोन बुडबुडे एकामागे एक आले की सावली एकच पडते, आणि ती सोडवण्यातच संशोधकाचा कस लागतो.

पद्मभूषण प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत बुडबुड्यांच्या प्रवाहावर अनेक वर्षं काम केलं. हा विषय आपल्या इतका जवळचा आहे. इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग मुलांच्या हाती द्यावा, ही माझी विनंती.

मात्र चित्रीकरणासाठी बंधाऱ्याखाली कोणीही उतरू नये. हवा मिसळलेलं पाणी हलकं असतं. त्यात पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही.