दयेचा अर्ज आणि हक्काचा अर्ज



साहित्याच्या व्यासपीठावर कोर्टाच्या कागदांचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण मराठी गद्याची जुनी दप्तरे उघडून पाहा. करीना, कैफियत, अर्जदास्त पानोपानी भेटतात. आपल्यावर काय गुदरले ते सत्तेपुढे नेमके मांडणे, ही लेखनाची जुनीच कसोटी आहे. आज सर्वोच्च न्यायालयापुढच्या अर्जाबद्दल आणि तो लिहिण्यात मदत करणाऱ्यांबद्दल बोलायचे आहे.

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बनावट पदवीच्या प्रकरणात एका प्राध्यापकाची नाममात्र शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, पण चार वर्षांहून अधिक उशिरा. निकालाची प्रत मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे. प्रत येरवडा तुरुंगात पोहोचली होती. ती त्याला दिली आणि राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली, असे तुरुंगाने सांगितले. त्याच्या सहीची पोच मात्र नव्हती.

दया मागायला कागद होता. हक्क मागायची वेळ आली तेव्हा तो हाती नव्हता.

‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९७८ च्या ऑगस्टमध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. अर्ज फेटाळला गेला. पण कैद्याला निकालाची प्रत वेळेवर, मोफत आणि लेखी पोच घेऊन द्यावी, ऐपत नसल्यास वकीलही द्यावा, हा दंडक त्यातून मिळाला. हरलेल्या माणसाने मागच्यांसाठी वाट करून ठेवली.

आता ही वाट बालाघाटहून कशी जाते ते पाहू. जबलपूरच्या उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, तर घटनेच्या कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका करता येते. मुदत साधारणपणे ९० दिवसांची. पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. वकिलामार्फत जायचे तर दाखल करणारा ‘अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’च लागतो. तो सर्वोच्च न्यायालयाची खास परीक्षा उतरलेला असतो आणि त्याचे कार्यालय त्या न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते. म्हणजे आपला वकील कितीही नामांकित असो, दिल्लीतला एक हात लागतोच.

तो हात काय करतो? वर्षानुवर्षांची भांडणे तारखांच्या यादीत बसवतो. राग, अपमान, शेजाऱ्याचे टोमणे गाळतो आणि कायद्याचा प्रश्न तेवढा वर काढतो. न्यायालय अनुमती देण्यास बांधलेले नाही. पहिल्या काही पानांतच पुष्कळ ठरते.

आणि ही पाने इंग्रजीत. आपल्या जिल्ह्याचे कागद हिंदीत. काही घरांतले जुने कागद मराठीत, कारण १९५६ पर्यंत आपले उच्च न्यायालय नागपूरला होते. गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मधला ‘निस्तार’ हा शब्द घ्या. भाषांतरकाराने त्याला नुसता ‘वापर’ म्हटले, तर गवत, सरपण, पाणी यांवरचा गावाचा पिढीजात हक्क एका शब्दात सांडतो. अशा जागी साहित्याच्या माणसाची मदत वकिलाइतकीच मोलाची. शब्दाचे वजन कळणाऱ्याने भाषांतर एकदा वाचून पाहावे.

ही मदत केवळ पैसेवाल्यांसाठी नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचा निकाल लागला, तर त्याला धीर द्याच. पण त्याच दिवशी नकलेचा अर्ज करायला लावा, कागदांची पोच जपायला सांगा आणि ९० दिवस मोजायला बसवा. हात जोडून उभे राहणाऱ्याला आपला हक्क लिहून मांडता यावा, एवढे आपल्या अक्षरओळखीकडून मागणे आहे.