विद्यार्थ्यांची डोकेदुखी

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये दोन प्रकारची डोकेदुखी विशेष आढळते. ताणाच्या डोकेदुखीत कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते. अर्धशिशीत बहुधा एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड सोसवत नाही. उपचार न झाल्यास ती ४ ते ७२ तास टिकते. जागरण, चुकलेले जेवण, अपुरे पाणी ही नेहमीची निमित्ते. खरी काळजी आहे ती मनानेच घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकेदुखी वाढत जाऊ शकते. अचानक उठलेली असह्य कळ, तापासोबत ताठलेली मान किंवा हातापायांत आलेली कमजोरी दिसली, तर परीक्षा असली तरी लगेच रुग्णालय गाठावे.