बाहेरगावी गेल्यावर उरणारा वेळ

(प्रदर्शनाला, प्रशिक्षणाला आणि बँकेच्या कामाला जाणाऱ्या सख्यांसमोर महासंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज प्रवासखर्च, मुक्काम, मालाची बांधणी या सगळ्यावर बोलून झालं. मला जे सांगायचंय ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही. कामाला बाहेर गेल्यावर मधे जो वेळ उरतो, त्याविषयी मी बोलणार आहे.

आधी एक हिशोब घालूया. आपला सगळ्यात मोठा छंद हिशोबच आहे ना! एसटी साडेआठला तालुक्याला पोहोचते. बँक उघडते दहाला. साहेब मोकळे होतात अकराला. आपलं काम अर्ध्या तासाचं. परतीची गाडी तीनची. म्हणजे काम अर्धा तास आणि वाट पाहणं सहा तास. महिन्यात दोन फेऱ्या झाल्या तर बारा तास झाले. बारा तासांची मजुरी बुडाली तर आपण भांडू, पण हे बारा तास कुठे गेले ते कोणी विचारत नाही.

का विचारत नाही? कारण हातात काम नसलं की बाईला चोरी केल्यासारखं वाटतं. स्टँडवर बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायचं, इकडेतिकडे हलायचं नाही. कोणी बघितलं तर? घरी गेल्यावर "काम झालं तरी इतका वेळ कुठे होतीस?" असं विचारलं तर? गडीमाणूस तालुक्याला गेला आणि दोन तास चहाच्या टपरीवर बसला, तर त्याला हा प्रश्न येत नाही. ताईंनो, गाडी तीनला आहे हा आपला गुन्हा नाही. तो वेळ कामाचाच भाग आहे, आणि तो आपला आहे.

आता तो कसा वापरायचा?

पहिलं शरीर. बाहेर जायचं म्हटलं की आपण सकाळपासून पाणी प्यायचं बंद करतो. स्वच्छतागृह मिळेल की नाही, ही भीती. मग लघवीला जळजळ, डोकेदुखी, उन्हाळ्यात चक्कर. ही सवय मोडायची. पोहोचल्यावर पहिल्यांदा स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून ठेवायचं. विचारायला लाजायचं नाही. अंगावर पिणारं लेकरू बरोबर असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बंद दिसला तर चौकशी खिडकीवर किल्ली मागायची. आणि घरची भाकरी वेळेवर खायची, परत येताना गाडीत नाही.

शरीराचंच दुसरं. आपण तालुक्याला जातो, पण दवाखान्यासाठी वेगळी फेरी मारायला कोणी सोडत नाही. मग त्याच फेरीत बसवा. ग्रामीण रुग्णालयात सकाळी केसपेपर काढून रक्तदाब आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. बँकेत नंबर लागायला वेळ आहे असं कळलं तर तो तास यासाठी.

दुसरं, राहिलेली कागदं. पासबुकात नोंद करून घेणं, आधारला मोबाईल नंबर जोडणं, पोस्टात मुलीच्या खात्यात पैसे भरणं. आपल्या खात्यातून विम्याचे पैसे कापले जातात का, हेही खिडकीवर विचारा. अपघात विमा वर्षाला 20 रुपयांचा आणि जीवन विमा 436 रुपयांचा, दोन्हींत संरक्षण 2 लाखांचं आहे. पैसे मेअखेरीच्या सुमारास कापतात. त्या वेळी खात्यात शिल्लक नसली की विमा बंद पडतो आणि घरच्यांना कळतही नाही. म्हणून एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आधार, पासबुक, दोन फोटो आणि झेरॉक्स कायम पिशवीत ठेवा.

तिसरं, बाजार बघणं. प्रदर्शनाला जाणाऱ्या सख्यांनी हे मनावर घ्या. मुंबईत वांद्र्याला महालक्ष्मी सरस भरतं तेव्हा राज्यभरातल्या बचत गटांचा माल एका मैदानावर असतो. इतकी मोठी शाळा फुकट मिळते आणि आपण बारा दिवस आपल्याच टेबलामागे बसून येतो! दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. दोघींनी पाळी लावा. एक बसेल, दुसरी फिरेल. फिरताना तीन गोष्टी बघा: पाकिटाचं वजन किती आणि भाव किती, गिऱ्हाईक हातात घेऊन परत का ठेवतं, आणि लेबलवर काय काय छापलंय. वजन, तारीख, बॅच नंबर, भाव, पत्ता, अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर. आपल्या पापडाच्या पाकिटावर यातलं काय नाही ते वहीत लिहा. आठवणीवर ठेवू नका, गाडीत बसेपर्यंत विसरायला होतं.

चौथं, नुसतं बघणं. यातून काही विकलं जाणार नाही, तरी मी हे सांगणार. मुंबईला गेलात तर समुद्र बघा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात तर गर्दीतून बाहेर येऊन त्या इमारतीकडे मान वर करून बघा. 2004 पासून ती जागतिक वारसा आहे. पुण्याला प्रशिक्षण असेल तर भिडे वाड्याच्या जागेपर्यंत जाऊन या. 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. आज आपण ठराव वाचतो, सही करतो, त्याची वाट तिथून येते. नागपूरला गेलात तर दीक्षाभूमी आहे. पोरांना पुस्तकातलं ठिकाण आईने स्वतः बघून सांगितलं तर त्याची गोडी वेगळी असते.

मात्र नियम पाळायचे. एकटीने अनोळखी भागात जायचं नाही. कुठे चाललोय ते सोबतीणीला सांगायचं, अंधाराच्या आत परत यायचं. गल्ल्याचे पैसे बरोबर न्यायचे नाहीत. मोबाईल चार्ज पाहिजे, आणि 112 आणि 181 हे नंबर पाठ पाहिजेत.

आणि पाचवं, काहीच न करणं. चार रात्री माल बांधून आलेली बाई दुपारी मुक्कामी जाऊन तासभर झोपली तर तिला आळशी म्हणू नका. झोप हासुद्धा त्या वेळेचा चांगलाच उपयोग आहे.

घरी काय सांगायचं? खरं तेच. "काम झाल्यावर तीन तास होते, मी रक्त तपासून आले, बाजार बघून आले." लपवलं की आपणच ती चोरी ठरवतो.

शेवटचं, आणि हे मला ठरावातच हवंय. 17 मार्च 2023 पासून आपल्याला राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे. तरी प्रत्येक गटातून बाहेर जाणाऱ्या त्याच दोघी असतात. ज्यांना बोलता येतं, ज्यांच्या घरचे सोडतात, त्या. बाकीच्या आठ जणी बचत भरतात आणि गावातच राहतात. पुढच्या वेळेपासून एक जुनी आणि एक नवी अशी जोडी पाठवायची. परत आल्यावर गटाच्या बैठकीत दहा मिनिटं दोघींनी काय बघितलं ते सांगायचं आणि ते इतिवृत्तात लिहायचं. नवीच्या घरी परवानगी मिळत नसेल तर आपण चौघी जाऊन बोलू. कर्जाच्या हप्त्यासाठी आपण घरोघर जातो, मग यासाठी का नाही?

हा ठराव कोण मांडतं? हात वर करा.